लश्करात, सॅक उघडताना

गच्चीवर सॅक उलटी केली
तर आधी पडला एक मोजा,
मग मोज्यातून टिकमरामच्या गावची चिमूटभर माती.
सकाळचे दहा, चव्वेचाळीस डिग्री.
फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही
आणि मी दोरीवर टाकते आहे
बर्फात भिजलेली, चार दिवस घडीत राहिलेली विजार.

माणिकताई जिन्याच्या दाराशी, सावलीत,
नवा गुडघा स्टुलावर ठेवून.
"किती वाजता निघालात?"
तिला वर्णनं नको असतात.
एकतीस वर्षं गणित शिकवलं तिनं.
"पावणेतीनला. रात्री."
"का?"
"ऊन चढलं की बर्फ मऊ होतो. पाय मांडीपर्यंत जातो."
"मग, गेला?"
"दोनदा. दुसऱ्यांदा काठीसकट."
ती मान हलवते,
ताळा जुळल्यासारखी.

डिसेंबरपासून आम्ही दोघी बहिणी
उरवाईचा चढ चढायचो, उजाडायच्या आत,
सॅकमध्ये पिठाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या.
कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांपाशी
ती घड्याळ बघायची.
"यांच्याकडे सामानच नाही काही," म्हणायची,
"म्हणून इतकी शतकं उभं राहणं जमलं."
मार्चमध्ये तिसऱ्या वळणावर
तिचा गुडघा बोलला.
तिच्या दोन्ही पिशव्या माझ्या पाठीवर आल्या.
त्याच पिठाच्या पोळ्या मग
दवाखान्यात डब्यातून खाल्ल्या.

"पुढे?"

पुढे काय,
कपाळावरच्या दिव्याचं ताटाएवढं वर्तुळ
आणि त्यात टिकमरामच्या टाचा.
शंभर पावलांवर थांबायचं ठरवलं होतं.
मग पन्नास.
मग वीस.
मग आकडेच संपले, नुसतं
हे,
आणि हे.
उजाडल्यावर दिसलं
रात्रभर कशाच्या काठाने चाललो ते.
बरं झालं, अंधार होता.

"खिंडीत किती वेळ?"
"अकरा मिनिटं. वारा उभं राहू देईना."
जानेवारीपासून फ्रिजात जपलेली गजक
तिथे काचेसारखी फुटली.
टिकमरामनं तुकडा गालात धरला, बराच वेळ,
आणि विचारलं, तुमच्याकडे हे कशापासून करतात?
तीळ म्हणायला माझे ओठ जुळेनात.

ताई हसते. गजक तिच्या हातची निवड,
बाड्यावर तीन दुकानं पालथी घालून घेतलेली.

एक गोष्ट मी सांगत नाही तिला.
खिंडीपर्यंत, त्या साडेसहा तासांत,
तिची आठवण मला एकदाही आली नव्हती.
पाठ इतकी हलकी कधीच वाटली नव्हती, सोळा किलो असून.
उतरताना एकदम आठवली
आणि मी गुडघ्यांवर बसून,
हातमोजे काढून,
थर्मासमध्ये बर्फ कोंबत राहिले वेड्यासारखी.
टिकमराम म्हणाला, मॅडम, खाली नळ आहे.

थर्मास आता तिच्या मांडीवर.
झाकण उघडते, वास घेते.
पाणी. कोमटच म्हणायचं.
तळाशी काळे दोन कण.
"किती असेल? पाऊण लिटर?"
"दाबून भरला होता तरी अर्धा."
"बर्फात हवाच जास्त," ती म्हणते. "प्यायचं नाही हे."
आणि भिंतीला धरत, एकेक पायरी, खाली उतरते,
खोलीतल्या कूलरच्या टाकीत ओतते.

दुपारी आम्ही दोघी कूलरसमोर.
तोच वाळ्याचा वास, तीच घरघर,
पंपाला मध्येच येणारा तोच खोकला.
"काही फरक नाही," ताई म्हणते.
"नाही," मी म्हणते.

थोड्या वेळानं
ती पायथ्याची चादर ओढते
आणि नव्या गुडघ्यावर पांघरते.
"गार लागतंय गं इथे," म्हणते,
माझ्याकडे न बघता.